सीए इंटर: आधी पहिला ग्रुप, दुसरा, की दोन्ही एकदम?

माझी भाची सीए इंटरसाठी, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट होण्याच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेसाठी, लातूरहून पुण्यात आली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि सकाळी सातला डबा घेऊन अभ्यासिकेत जाऊन बसते. एका रविवारी घरी जेवायला आली, तेव्हा हात धुता धुता म्हणाली, "मामा, एकच ग्रुप देऊ का? सगळे म्हणतात, पहिला आधी काढून टाक." मी विचारलं, सगळे म्हणजे कोण? अभ्यासिकेतले दोन सीनियर, गावाकडचा एक अकाउंटंट आणि मोबाइलवर पाहिलेले पाच-सहा व्हिडिओ. त्यातल्या एकानंही तिला का ते सांगितलं नव्हतं. जेवणं झाल्यावर आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. त्या दुपारचा तो हिशेब इथे सविस्तर मांडतो आहे, कारण हा प्रश्न दर अटेम्प्टला हजारो मुलामुलींना पडतो आणि बहुतेकांना त्याचं उत्तर ऐकीव मिळतं.

आधी सांगाडा पाहू. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत इंटरला सहा पेपर आहेत, तीन-तीनचे दोन ग्रुप. पहिल्यात अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंग, कॉर्पोरेट अँड अदर लॉज, आणि टॅक्सेशन (निम्मा इन्कम टॅक्स, निम्मा जीएसटी). दुसऱ्यात कॉस्टिंग, ऑडिट, आणि एफएम-एसएम म्हणजे फायनान्शियल मॅनेजमेंट व स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट यांचा जोडपेपर. प्रत्येक पेपर १०० मार्कांचा, त्यातले ३० मार्क एमसीक्यूचे, म्हणजे पर्याय निवडायच्या प्रश्नांचे. ग्रुप एकेक करून दिले तरी चालतात आणि दोन्ही एकदम दिले तरी चालतात. आधी दुसरा देऊन नंतर पहिला दिला तरीही इन्स्टिट्यूटची, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या आयसीएआयची, हरकत नाही. निवड पूर्णपणे तुमची असते, म्हणून तर गोंधळ होतो.

पास होण्याचा नियम दोन पायऱ्यांचा आहे. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या एकूण मार्कांत ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कलम मात्र घाईत वाचलं जातं. दोन्ही ग्रुप एकाच वेळी दिले आणि सहाही पेपरांत किमान ४० मार्क असले, तर सहा पेपरांची बेरीज ६०० पैकी ३०० झाली तरी दोन्ही ग्रुप पास. मुलं याला सेट-ऑफ म्हणतात: एका ग्रुपची तूट दुसऱ्याच्या शिलकीतून भरून निघते.

भाचीला मी हे कागदावर दाखवलं. समज, अकाउंट्सला ५२, लॉला ४३, टॅक्सला ४५. बेरीज १४०. दहा मार्क कमी पडले. हाच ग्रुप एकटा दिला असतास, तर नापास. शिवाय एकाही पेपरात ६० नाहीत (६० का, ते पुढे येतंच), म्हणजे तिन्ही पेपर पुन्हा पहिल्यापासून. आता त्याच पंधरवड्यात दुसरा ग्रुपही दिला आहेस असं धर. कॉस्टिंग ५८, ऑडिट ४९, एफएम-एसएम ५६. बेरीज १६३. दोन्ही मिळून ३०३. इंटर झाली! उत्तरपत्रिका त्याच, मार्क तेच. फॉर्ममध्ये दोन्ही ग्रुप टाकले होते एवढाच फरक.

तिनं लगेच उलट प्रश्न विचारला, आणि तो अगदी रास्त होता: "आणि लॉला ३८ पडले तर?" तर सेट-ऑफ मिळत नाही. कॉस्टिंगला ७२ पडून एकूण बेरीज ३१२ झाली, तरी त्या ३८ मुळे पहिला ग्रुप गेला. दुसरा मात्र स्वतःच्या बळावर पास होतो, कारण ७२, ४९, ५६ म्हणजे १७७. म्हणजे दोन्ही ग्रुप दिल्यामुळे, जो एरवी सुटला असता तो ग्रुप बुडत नाही. फीचा फरक सोडला, तर दोन्ही देण्याची खरी किंमत एकच: तयारीचा वेळ सहा पेपरांत वाटला जातो. ती किंमत मोठी आहे, तिच्याकडे पुढे वळतोच. पण "दोन्ही दिले तर दोन्ही जातील" या वाक्याला नियमात आधार नाही. दोन्ही जातात ते तयारी अर्धवट असल्यामुळे.

दुसरा मुद्दा एक्झेम्प्शनचा. ग्रुप नापास झाला, पण एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त मिळाले, तर त्या पेपरातून पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते आणि ते मार्क बेरजेत धरले जातात. अकाउंट्सला ६६ मिळवून ग्रुप गेला असेल, तर पुढच्या वेळी लॉ आणि टॅक्स मिळून ८४ पुरतात. दोन्हीत किमान ४० लागतातच, म्हणजे किमान मर्यादेच्या वर जेमतेम चार मार्क. ही फार मोठी सवलत आहे. मात्र तिला एक अट आहे, ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असले पाहिजेत. माझ्याबरोबरच्या एका मित्राचा टॅक्सच्या आदल्या रात्री धीर सुटला आणि तो पेपरला गेलाच नाही. निकालात अकाउंट्सला ६४ दिसले, पण त्यांचा काही उपयोग नव्हता. ती मार्कशीट हातात धरून तो किती वेळ बसून होता ते मला अजून आठवतं. म्हणून दर वर्षी सांगतो, पेपर कितीही वाईट जाणार असं वाटलं तरी हॉलमध्ये जाऊन बसा.

आता काळाचा हिशेब. २०२४ मध्ये इंटरची परीक्षा वर्षातून तीनदा घ्यायला सुरुवात झाली: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मुलांना वाटलं, संधी वाढल्या. वाढल्याच. पण एक्झेम्प्शन मोजलं जातं परीक्षांवर, महिन्यांवर नाही. पूर्वी सहामाही परीक्षांत तीन अटेम्प्ट म्हणजे दीड वर्ष. आता तीन अटेम्प्ट एका वर्षातच संपतात. जानेवारीत मिळवलेली सूट मे, सप्टेंबर आणि पुढची जानेवारी एवढ्यापुरतीच. ती मिळवून मध्येच कॉलेजसाठी किंवा नोकरीसाठी अटेम्प्ट सोडायचा बेत असेल, तर हे आधीच लक्षात घ्या.

निकाल आणि पुढची परीक्षा यांतलं अंतरही आकसलं आहे. जानेवारी २०२५ ची इंटर ११ तारखेला सुरू झाली आणि २१ ला संपली. निकाल लागला ४ मार्चला. पुढची परीक्षा ३ मे ला सुरू. मध्ये साठ दिवस. म्हणजे पहिला ग्रुप देऊन निकालाची वाट बघत बसलात, तर दुसऱ्यासाठी दोन महिने उरतात, आणि पहिला गेला असेल तर त्याच दोन महिन्यांत सहा पेपर. एकेक ग्रुप द्यायचा असेल, तर शेवटच्या पेपरनंतर फार तर तीन दिवस झोपा काढा आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या ग्रुपचं पुस्तक उघडा. एकेक ग्रुप देणाऱ्यांचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा पेपर संपल्यापासून निकालापर्यंतच्या याच दीड महिन्यात.

"पहिला आधी काढून टाक" हा सल्ला आला कुठून? तो खोटा नव्हता, जुना झाला. आयपीसीसीच्या, म्हणजे इंटरच्या जागी असलेल्या जुन्या परीक्षेच्या काळात पहिला ग्रुप सुटला की आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या उमेदवारीला, लागता येत असे. २०१७ च्या योजनेत कुठलाही एक ग्रुप चालायचा. आर्टिकलशिप तीन वर्षांची, तेव्हा लवकर चिकटणं शहाणपणाचं होतं. दुसरा ग्रुप ऑफिस सांभाळून द्यायचा. नव्या योजनेत आर्टिकलशिप दोन वर्षांची झाली, पण तिच्या दारात उभं राहायला दोन्ही ग्रुप पास हवेत, सोबत आयसीआयटीएसएसचं, म्हणजे संगणक आणि व्यवहारकौशल्यांचं, प्रशिक्षण. एका ग्रुपवर आता कुठलंच ऑफिस आर्टिकल म्हणून घेऊ शकत नाही. त्यामुळे जे सीनियर हा सल्ला देतात, त्यांना एकच विचारा: तुम्ही कुठल्या योजनेत होतात?

आणि यातलाच एक दिलासा. एकेक ग्रुप नीट पार पडला, जानेवारीत पहिला आणि मे मध्ये दुसरा, तर दोन्ही एकदम देणाऱ्यापेक्षा तुम्ही जेमतेम चार महिने मागे पडता. आमच्या वेळी हेच सहा महिने होते. चार महिन्यांसाठी कुणी स्वतःला कमी लेखू नये. अर्थात रँकची आस असेल तर दोन्ही ग्रुप एकाच बैठकीत द्यावे लागतात.

निकालाच्या टक्केवारीबद्दलही दोन शब्द, कारण मुलं त्यावरून ग्रुप निवडतात. मे २०२४ मध्ये पहिला ग्रुप २७.१५ टक्के सुटला, दुसरा १८.२८. तेव्हा सगळे म्हणाले, दुसरा अवघड. जानेवारी २०२५ मध्ये पहिला १४.१७ आणि दुसरा २२.१६. आठ महिन्यांत पारडं फिरलं. मधल्या सप्टेंबर २०२४ ला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांतले फक्त ५.६६ टक्के दोन्हीत पास झाले. तो आकडा पाहून किती जणांनी फॉर्ममधला एक ग्रुप काढला असेल! पण त्या आकड्यात अर्धीच उजळणी झालेले, घरच्यांच्या आग्रहाने बसलेले, "बघू तर खरं" म्हणणारे असे सगळेच मोजलेले असतात. तुमची तयारी किती आहे हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. टक्केवारीवरून ग्रुप ठरवू नका.

मग कशावरून ठरवायचं? मी भाचीला एकच कसोटी सांगितली, आणि ती परीक्षेच्या वेळापत्रकातून आलेली आहे. जानेवारी २०२५ चे पेपर ११, १३, १५, १७, १९, २१ असे दिवसाआड होते. दुपारी दोन ते पाच. पाचला सुटून खोलीवर पोचेपर्यंत सहा-साडेसहा. पुढच्या पेपरला उरतात ती संध्याकाळ, एक अख्खा दिवस आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ. या दीड दिवसात अख्खा विषय डोळ्यांखालून जायला हवा, आणि हे ओळीने सहा वेळा. परीक्षेच्या दीड महिना आधी स्वतःला विचारा: माझा कुठला पेपर आज दीड दिवसात उलटून होईल? सहाही पेपर दोनदा वाचून झाले असतील, गणितं हाताखालून गेली असतील, तर दोन्ही ग्रुप द्या. आत्मविश्वास वाटत नसला तरी द्या, तो कुणालाच वाटत नाही. चार पेपर तयार आणि दोन कोरे असतील, तर सहाचा हट्ट नको. कोऱ्या पेपरात ४० पडत नाहीत, आणि ४० नाहीत तिथे सेट-ऑफ नाही. फॉर्म भरून झाल्यावरही इन्स्टिट्यूट काही दिवस दुरुस्तीसाठी खिडकी उघडते, त्यात शहर, माध्यम आणि ग्रुप बदलता येतो. तेवढी तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

एकच ग्रुप द्यायचा ठरला, तर कुठला? माझा कौल पहिल्याकडे आहे, पण कारण जुन्यांचं नाही. दुसऱ्या ग्रुपमधलं ऑडिट हे पहिल्या ग्रुपच्या खांद्यावर उभं आहे. अकाउंटिंग स्टँडर्ड्स आणि कंपनीचा ताळेबंद ठाऊक नसलेल्याला ऑडिटचं पुस्तक म्हणजे नुसती पाठांतराची पोथी वाटते. कंपनी कायद्यातली ऑडिटरची नेमणूक, पात्रता, अधिकार ही १३९ पासूनची कलमं लॉमध्ये शिकलेली असली, की ऑडिटचा एक भाग ओळखीचा निघतो. उलट दिशेने अशी मदत फारशी होत नाही. कॉस्टिंग येत असलं म्हणून टॅक्स सोपा जात नाही.

अपवाद सांगतो. ज्यांचं गणित पक्कं आहे आणि वाचनाचा कंटाळा आहे, त्यांनी दुसरा आधी दिला तरी बिघडत नाही. कॉस्टिंग आणि एफएम हे दोन्ही सरावाचे विषय, एकमेकांना पूरक, आणि त्यांत वर्षा-वर्षाला बदल होत नाहीत. अटेम्प्ट हुकला तरी केलेली मेहनत शिळी होत नाही. पहिल्या ग्रुपचं तसं नाही. टॅक्स हा नाशवंत माल आहे. अर्थसंकल्प आला की आकडे बदलतात, जीएसटी कौन्सिल बसली की दर बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ ला कितीतरी वस्तूंचे दर एका दिवसात बदलले. आणि १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. गुंतवणुकीवर वजावट देणाऱ्या ज्या ८०सी कलमावर पिढ्या पोसल्या, तिची तरतूद आता कलम १२३ मध्ये गेली. 'असेसमेंट इयर' जाऊन 'टॅक्स इयर' आलं. म्हणून जुन्या नोट्स कुणी प्रेमाने दिल्या तरी, आपल्या अटेम्प्टला कुठला कायदा आणि कुठपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत हे इन्स्टिट्यूटच्या घोषणेत स्वतः बघा, मगच पान उघडा. टॅक्स तयार झाला, की तो त्याच अटेम्प्टला देऊन टाकायचा. तयार करून ठेवून द्यायचा विषय नाही तो.

आता एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी. परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. बारावीपर्यंत जमाखर्च मराठीत शिकलेल्या मुलाला अकाउंट्स आणि कॉस्टिंग फारसं जड जात नाही, आकडे सगळीकडे सारखेच. अडतं ते लॉ, ऑडिट आणि एसएमला. भाचीची ऑडिटची वही पाहिली. उत्तर बरोबर होतं, सगळे मुद्दे होते, पण एका प्रश्नाला तिला पंचवीस मिनिटं लागली होती, कारण ती मनात मराठी वाक्य करून ते इंग्रजीत उतरवत होती. तीन तासांच्या पेपरात हे परवडत नाही. अशा मुलांनी थिअरीचे पेपर शेवटी ढकलू नयेत. लॉ पहिल्या आठवड्यापासून घ्या, रोज एकच उत्तर, पण हाताने लिहून, घड्याळ लावून. तरतूद, दिलेल्या प्रसंगाला ती कशी लागू पडते, निष्कर्ष: या तीन परिच्छेदांचा साचा हाताला बसला की इंग्रजीची भीती निम्मी होते. सहा महिन्यांत भाषा वळते. शेवटच्या सहा आठवड्यांत वळत नाही.

यातूनच अभ्यासाचा क्रम निघतो, आणि तो पेपरांच्या क्रमासारखा असायलाच हवा असं नाही. दोन्ही ग्रुप द्यायचे असतील तर मी अशी मांडणी करीन: सुरुवात अकाउंट्स आणि लॉची जोडी, एक हाताचा विषय, एक वाचनाचा. त्यातून बाहेर पडताना कॉस्टिंग आणि ऑडिट, कारण तोवर स्टँडर्ड्स ताजी असतात. मग टॅक्स, सलग, दुसरा कुठलाही मोठा विषय जोडीला न घेता. एफएम त्यानंतर, कॉस्टिंगचा हात बसलेला असला की ते भराभर होतं. एसएम सगळ्यात शेवटी, पण दोनदा. आरटीपी आणि एमटीपी, म्हणजे इन्स्टिट्यूटच्या उजळणीच्या आणि सरावाच्या प्रश्नपत्रिका, नुसत्या डाउनलोड करून ठेवू नका, सोडवा. अकाउंट्सचं आणि कॉस्टिंगचं एखादं गणित मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत रोज, बाकी काहीही चालू असो.

फायनलचा, म्हणजे सीएच्या शेवटच्या टप्प्याचा, प्रश्न थोडक्यात. तिथेही सहा पेपर, दोन ग्रुप, ४० आणि ५० चाच नियम. पण दुसऱ्या ग्रुपच्या शेवटी इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स हा ओपन बुक पेपर आहे. त्यातल्या केस स्टडीत फायनान्शियल रिपोर्टिंग, ऑडिट, टॅक्स, कायदा सगळं एकत्र येतं. पहिल्या ग्रुपचा अभ्यास न करता दुसरा आधी देणाऱ्याला तो पेपर दुप्पट जड जातो. पुस्तक जवळ असलं तरी कुठल्या पानावर बघायचं हे ठाऊक असावं लागतं. शिवाय सेल्फ-पेस्ड मॉड्यूलचे, म्हणजे आपल्या गतीने शिकून परीक्षा द्यायच्या विषयांचे, चारही संच फायनलआधी सुटलेले हवेत, आणि ते आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षात उरकलेले बरे.

भाचीनं त्या दुपारी कागदाच्या मागच्या बाजूला सहा पेपर लिहिले आणि प्रत्येकासमोर किती वाचनं झाली ते मांडलं. अकाउंट्स दोन, कॉस्टिंग दोन, लॉ दीड, टॅक्स एक, एफएम एक, ऑडिट अर्धं. परीक्षेला अजून साडेतीन महिने होते. फॉर्ममध्ये दोन्ही ग्रुप टाकायचे, दुरुस्तीच्या खिडकीची शेवटची तारीख हाच निर्णयाचा दिवस, आणि तोवर ऑडिट दोन वाचनांवर आलं नाही तर दुसरा ग्रुप काढायचा, असं तिनंच ठरवलं. कागद घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि संध्याकाळची अभ्यासिका गाठायला निघाली. जाताना माझ्या कपाटातलं कंपनी कायद्याचं जुनं पुस्तक मागत होती. ते मी दिलं नाही. नवं घे म्हणालो, पैसे मी देतो.